बर्फ कारखान्यातल्या क्रेनची केबल दर हंगामात तुटते : दोष कुठे शोधायचा

कोकण किनाऱ्यावरच्या बर्फ कारखान्यांची ही तक्रार वर्षानुवर्षं तीच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. कारखाना थंडावतो, क्रेन एका कोपऱ्यात उभी राहते. ऑगस्ट लागला, नारळी पौर्णिमा झाली की होड्या बाहेर पडतात. मिरकरवाडा, हर्णे, साखरी नाटे, देवगड, सगळीकडे एकदम बर्फाची मागणी येते आणि नेमकी त्याच आठवड्यात कॅन उचलणारी क्रेन मध्येच बंद पडते. वायरमन येतो, केबलमधली एक कोर (आतली तांब्याची एक तार) तुटलेली सापडते, तो तेवढा भाग कापून जोड मारतो, टेप गुंडाळतो. क्रेन चालू. गणपतीच्या आसपास पुन्हा बंद. दिवाळीला मालक अख्खी केबल नवी टाकतो, आणि पुढच्या ऑगस्टात पहिले पाढे पंचावन्न.

ज्यांनी ही क्रेन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिठाच्या किंवा कॅल्शियम क्लोराइडच्या थंडगार पाण्यात, म्हणजे ब्राइनच्या टाकीत, पाणी भरलेले कॅन ओळीने बुडवलेले असतात. लादी जमली की क्रेन कॅनची ओळ उचलते, साध्या पाण्याच्या टाकीत बुडवून सैल करते आणि उलटी करून लाद्या बाहेर काढते. टाकीच्या लांबीभर फिरणाऱ्या या क्रेनला वीज मिळते ती वर टांगलेल्या चपट्या केबलमधून. केबल छोट्या ट्रॉल्यांना अडकवलेली असते आणि ट्रॉल्या ताणलेल्या वायर रोपवर (पोलादी दोरावर) नाहीतर सी-रेलमध्ये (इंग्रजी C च्या आकाराच्या पोकळ रुळात) धावतात. क्रेन लांब गेली की केबलचे झोळ उलगडतात, परत आली की गोळा होतात.

माझं म्हणणं असं, की इथे केबल तुटण्याचं कारण बहुतेक वेळा विजेत नसतंच. केबल ज्यावर लटकते ती तार, तिचा हूक, रेल, ट्रॉल्या यांत कुठेतरी खोट असते आणि तिची ओढ तांब्यावर येते. वीज नेणं हे तांब्याचं काम. भार आणि ओढ सोसायला त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी हवं. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. स्टेशनात गाडीची वाट बघताना जरा वर पाहा. इंजिनाचा पेंटोग्राफ ज्या तारेला घासतो ती खालची तार वरच्या दुसऱ्या तारेला थोड्या थोड्या अंतरावर टांगलेली आहे, म्हणून ती सरळ राहते. काही खांबांना जड वजनं लटकलेली दिसतात. ऊन-गारव्यात तार लांब-आखूड झाली तरी तिचा ताण तोच राहावा, म्हणून ती वजनं आहेत. आपल्या क्रेनवर २५,००० व्होल्ट नाहीत, ४१५ आहेत, पण आधाराचा विचार तितकाच करावा लागतो.

क्रेन कुठे थांबते ते लिहून ठेवा

पहिलं काम बिनपैशाचं आहे. ऑपरेटरच्या हातात खडू द्या. क्रेन बंद पडली की ती उभी आहे तिथे गर्डरवर खूण करायची आणि बाजूला वेळ लिहायची. पाच-सहा खुणा झाल्या की निम्मं निदान झालं.

खुणा सगळ्या लांबच्या टोकाला असतील, तर क्रेन तिथे पोचताना केबल पूर्ण ताणली जाते आहे. ओढदोरी (केबलऐवजी ओढ घेणारी, दोन ट्रॉल्यांमधली दोरी) नाही, किंवा आहे पण लांबीला चुकलेली आहे. खुणा अध्येमध्ये एकाच जागी असतील, तर त्या जागेच्या वर बघा. रेलचा जोड वर-खाली झालेला असेल किंवा तिथे एखादी ट्रॉली अडत असेल. क्रेन पुढे जाते, ट्रॉली मागे राहते आणि दोघींमधल्या केबलला हिसका बसतो. खुणांना काही धरबंदच नसेल, तर वरची केबल सोडा आणि क्रेनबरोबर फिरणारा भाग धरा : पॅनेलमधला कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच), किंवा पेंडंटची, म्हणजे खाली लटकणाऱ्या बटणांच्या पेटीची केबल. पेंडंट स्वतःच्या केबलवर लटकत असेल तर ती केबल वरच्या बाजूला तुटणारच. तिच्याबरोबर एक बारीक साखळी सोडून पेंडंटचं वजन साखळीवर घ्या.

चौथा प्रकार वेळेचा. क्रेन पहाटे किंवा मोठ्या सरीनंतरच बंद पडते, ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) ट्रिप होतो, आणि दुपारी आपोआप सगळं सुरळीत चालतं. ती ओल आहे. तिच्याकडे नंतर येतो.

मोटर नुसती गुरगुरते आणि कॅन उचलत नाही, तेव्हा एक फेज गेलेला असतो. बटण तत्काळ सोडायचं. पुन्हा पुन्हा दाबून बघितलं की केबलच्या दुरुस्तीत मोटरचं वाइंडिंगही जमा होतं.

तुटलेली कोर शोधताना मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, आणि ब्राइनच्या टाकीवर फळ्या घातल्याशिवाय वर चढू नका. लाइन चालू ठेवून नुसत्या डिजिटल मीटरने शोधायला गेलात तर फसाल. शेजारच्या कोरमुळे तुटलेल्या कोरवरही मीटर व्होल्ट दाखवतो. दोन्ही टोकं सोडवून घ्या, एकाने कंटिन्यूइटी, म्हणजे तार अखंड आहे का ते, बघायची आणि दुसऱ्याने एकेका क्लॅम्पपाशी केबल हलवत यायचं. वरचं आवरण शाबूत असतं, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. हाताला मात्र कळतं. केबल दोन्ही हातांत धरून हळूहळू वाकवत गेलात की चांगल्या जागी ती गोल वळते आणि तांबं तुटलेल्या जागी एकदम दुमडते. अशी जागा बहुतेक वेळा क्लॅम्पच्या कडेपासून चार बोटांच्या आतच सापडते, आणि तीही क्रेनच्या बाजूच्या पहिल्या एक-दोन ट्रॉल्यांवर, कारण प्रत्येक हिसका तिथूनच सुरू होतो.

क्लॅम्प लोखंडी पट्टीचा, धारदार कडेचा असेल तर आधी तो काढून टाका. केबल रुंद आणि गोलाईदार बैठकीवर बसली पाहिजे. आणि लटकणाऱ्या केबलमध्ये टेपचा जोड मी कधीही मान्य करत नाही. जोड कडक होतो, त्याच्या दोन्ही बाजूंना केबल नव्याने मोडायला लागते. कापायचीच वेळ आली तर भिंतीकडच्या टोकाला पक्का जंक्शन बॉक्स बसवून जोड त्यात घ्या.

चिऱ्याच्या भिंतीतला हूक

आपल्याकडची खास खोट ही आहे. बाहेरून येणाऱ्या क्रेनवाल्यांच्या ती चटकन लक्षात येत नाही, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे लोखंडी खांबांची शेड असते. आपले जुने बर्फ कारखाने चिऱ्यांचे. वायर रोपचं एक टोक क्रेनच्या खांबाला बांधतात आणि दुसऱ्या टोकासाठी चिऱ्यात भोक पाडून, सिमेंट भरून हूक बसवतात. पहिल्या वर्षी तो घट्ट असतो. पण जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसाळाभर भिंत पाणी पिते, हूक गंजतो, गंज फुगतो आणि भोवतालचं सिमेंट सुटतं. क्रेनच्या प्रत्येक फेरीला हूक केसभर हलतो.

तार सैल पडली की कुणीतरी टर्नबकल (तार ताणायचा आट्यांचा स्क्रू) चार आटे आवळतो. तार ताठ दिसते, सगळे खूश. पण त्या चार आट्यांनी हूक आणखी बाहेर येतो. महिन्याभरात तार पुन्हा सैल, पुन्हा चार आटे. टर्नबकलचे आटे संपत आले असतील आणि तारेचा झोळ मात्र पूर्वीइतकाच असेल, तर तार लांबलेली नाही. भिंत सुटते आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. हुकाच्या बरोबर खाली जमिनीवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर लाल भुगा पडलेला दिसतो. शिडी लावून वर बघितलंत तर भोक गोल राहिलेलं नसतं, तारेच्या दिशेने लांबट झालेलं असतं. बोट आत जाईल इतकी फट मी पाहिली आहे.

तिथे पुन्हा सिमेंट भरून काही होत नाही. केमिकल अँकरही (रसायनाच्या मसाल्याने चिकटवलेला बोल्ट) जांभ्यात मनासारखा धरत नाही. दगडाच्या आत पोकळ्या असतात, मसाला त्यांत पळतो. दोन मार्ग आहेत. भिंतीपासून सुटा लोखंडी खांब उभा करा, खाली काँक्रीटचा पाया, आणि ओढीच्या बाजूला तिरका टेकू. जागा नसेल तर भिंतीच्या आरपार बोल्ट काढा आणि बाहेरच्या बाजूला किमान फूट-दीडफुटाची जाड प्लेट लावा, म्हणजे ओढ एका चिऱ्यावर न येता चार-सहा चिऱ्यांवर वाटली जाईल. बोल्टच्या भोकाला बाहेरून सीलंट विसरू नका, नाहीतर पाऊस बोल्टच्या वाटेनेच आत येईल.

तार किती ताणायची

झोळ दिसला की तो अजागळ वाटतो आणि माणूस आवळत सुटतो. पण कपडे वाळत घालायची दोरी कितीही ओढून बांधली तरी ओली चादर टाकली की खाली येतेच. झोळ शून्य करू पाहाल तर ताण आवाक्याबाहेर जातो. हिशेब असा : एकूण लटकणारं वजन गुणिले दोन आधारांमधलं अंतर, भागिले आठ पट झोळ.

समजा अंतर २० मीटर आहे आणि केबल, ट्रॉल्या, तार धरून वजन ३० किलो. झोळ ४० सेंटीमीटर ठेवलात तर टोकाला ओढ साधारण १८८ किलो येते. झोळ २० केलात तर ३७५. तोच १० सेंटीमीटरवर आणलात तर ७५० किलो. वजन एका किलोनेही वाढलेलं नाही, फक्त तार ताठ दिसते. ८ मिलिमीटरची चांगली वायर रोप तुटायला तीन टनांच्या वर ओढ लागते, पण पाचपट सुरक्षितता धरली तर ६००-७०० किलोच्या पुढे तिला नेऊ नये. म्हणजे १० सेंटीमीटरच्या झोळाने आपण मर्यादा ओलांडली, आणि चिऱ्यातला हूक त्याच्या कितीतरी आधी हरलेला असतो.

म्हणून अंतराच्या दोन टक्के झोळ मी धरून चालतो, २० मीटरला ४० सेंटीमीटर. त्यामुळे ट्रॉल्या मध्याकडे थोड्या घरंगळतात, ते चालतं. ओढदोरी नीट असली की त्या क्रेनमागे येतात. २० मीटरच्या पुढे मात्र तारेच्या भानगडीत पडू नका, सी-रेल घ्या. रेलला दर दीड मीटरवर आधार, आणि जोडाची जागा आधाराला लागून. दोन रेलच्या तोंडांवरून बोट फिरवा. नख अडलं तर ट्रॉलीचं चाकही अडणार, तिथे कानस मारून ती पायरी मोडा.

टोकाचा फास बांधताना थिंबल (फासाच्या आत बसणारी धातूची खोबण) घाला आणि ८ मिलिमीटरच्या रोपला तीन क्लिपा, एकमेकींपासून साधारण ५ सेंटीमीटरवर. क्लिपेचा यू-बोल्ट नेहमी मोकळ्या, कापलेल्या टोकाच्या बाजूला यायला हवा आणि बैठक भार घेणाऱ्या तारेवर. उलटी लावली की यू-बोल्ट भाराच्याच तारेला चेपतो आणि पुढे रोप तिथेच तुटते. अर्ध्या कारखान्यांत एक सुलट, एक उलट अशा क्लिपा दिसतात. नव्या रोपचे पीळ बसतात तशी ती पहिल्या पंधरवड्यात थोडी लांबते, तेव्हा एकदा आवळावी लागते. भिंतीवर झोळाच्या योग्य पातळीला रंगाची रेघ मारून ठेवा आणि तार रेघेला लागली की थांबा.

ओढदोरी : सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

प्रत्येक दोन ट्रॉल्यांमध्ये केबलबरोबर एक दोरी असायला हवी, केबलपेक्षा आखूड. क्रेन पुढे गेली की आधी दोरी ताणली जाते, ट्रॉली ओढली जाते आणि केबल नुसती सोबत जाते. मूळ बसवणीत ही दोरी असते. दोन-तीन वर्षांत ती तुटते, कुणी बदलत नाही, आणि त्यानंतर प्रत्येक हिसका तांब्यावर.

मापं कशी काढायची? क्रेनची धाव १८ मीटर आहे आणि झोळ कॅनच्या चौकटीत अडकू नये म्हणून ९० सेंटीमीटरपेक्षा खाली यायला नको, असं धरू. केबल धावेपेक्षा १५ टक्के जास्त घ्या, म्हणजे २०.७ मीटर. एका झोळाला दोन्ही बाजू मिळून १.८ मीटर केबल लागते, तेव्हा १२ झोळ होतात. पूर्ण उलगडल्यावर ट्रॉल्यांमधलं अंतर दीड मीटर, आणि तिथे केबल असेल १.७२ मीटर. दोरी या दोघांच्या मध्ये हवी, १.५५ मीटर. दीड मीटरपेक्षा आखूड केलीत तर क्रेन टोकाला पोचणार नाही, आणि १.७२ च्या वर गेलात तर दोरी असून नसल्यासारखी.

पैसे वाचवायला कुणी निम्म्या ट्रॉल्या काढल्या तर झोळ दुप्पट खोल होतो आणि कॅनच्या कड्यात अडकतो. असा अडकलेला झोळ क्रेन एका फेरीत तोडते.

दोरी कसली? बंदरावर नायलॉनची दोरी सहज मिळते, तीच लावली जाते, पण नायलॉन ताणाखाली फार लांबतं. वरच्या हिशेबातली १७ सेंटीमीटरची सवड ते हिसक्यात खाऊन टाकू शकतं. ५-६ मिलिमीटरची पॉलिएस्टरची दोरी घ्या. बारीक लोखंडी तार ब्राइनच्या वाफेत टिकत नाही.

खार आणि अमोनिया

रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण पावसापेक्षा खार जास्त नडतो. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेत ओलं राहतं. कॅल्शियम क्लोराइडचं ब्राइन असेल तर तेही तसंच. म्हणून छपराखाली, एक थेंब न पडताही, ट्रॉलीच्या चाकावर पाण्याचा पातळ थर कायम असतो. दोन महिने क्रेन एका जागी उभी राहिली की बेअरिंग आवळतात. १ ऑगस्टला ट्रॉल्या फिरत नाहीत, घासत जातात.

त्यावर तेल ओतून भागत नाही. ट्रॉल्या नायलॉनच्या चाकाच्या आणि सीलबंद बेअरिंगच्या घ्या. नट-बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे, कारण ३०४ ला क्लोराइडमध्ये टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. बंदीच्या काळात आठवड्यातून एकदा, कॅन न उचलता, क्रेन या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन आणा. महिन्यातून एकदा लाइन बंद करून ट्रॉल्या आणि केबल गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा.

अमोनियाचा त्रास निराळा. कॉम्प्रेसरच्या खोलीतून थोडा वास येतच असतो, माणसं त्याला सरावतात, पितळ सरावत नाही. ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनिया आणि ओल मिळून तडे पाडतात. इंग्रजांच्या काळात आपल्याच देशात हे घडलं आहे. पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली काडतुसं कोरडी हवा आल्यावर काढली तर पितळी नळ्या तडकलेल्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ मध्ये नीट मांडलं गेलं. क्रेनच्या पॅनेलवरचे पितळी केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथे तिला पकडणारे नट) घट्ट आवळलेले असतात आणि ते नेमके असेच तडकतात. तड केसाइतकी असते, पण ब्राइनचं पाणी आत जायला तेवढी पुरते. ग्लँड चांगल्या प्लास्टिकचे लावा आणि केबल बॉक्समध्ये खालच्या बाजूने न्या, म्हणजे ओघळ आत न जाता खाली ठिबकेल.

काही जुन्या ठिकाणी केबल नाहीच. पोर्सिलेनच्या इन्सुलेटरवर उघडे लोखंडी अँगल आणि त्यांवर घासत जाणारा शू, अशी वीज घेतात. इन्सुलेटरवर खारट ओल बसली की त्यावरून वीज सरपटते, रात्री ठिणग्या दिसतात. ब्राइनच्या टाकीवर आणि ओल्या फरशीवर उघडी लाइन मला पटत नाही. ती काढून केबल टांगा.

पहाटेचा ट्रिप आणि अर्थिंग

ओलीमुळे ट्रिप होत असेल तर मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा, पण दुपारी नाही. पहाटे, दोष हजर असताना. आधी व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू सोडवून घ्या, ५०० व्होल्टवर प्रत्येक कोर अर्थशी तपासा. एक मेगाओमच्या खाली आकडा आला तर लाइन चालू करायची नाही. केबल क्रेनकडच्या टोकाला सोडवून आकडा चढला तर दोष क्रेनवर आहे, नाहीतर केबल किंवा भिंतीचा बॉक्स.

अर्थची वेगळी कोर केबलमध्ये असलीच पाहिजे. क्रेनची चाकं रुळावर आहेत म्हणजे अर्थ मिळाली, असं बरेच जण धरून चालतात. गंजलेल्या चाकाचा आणि गंजलेल्या रुळाचा भरवसा नाही. कॅनची चौकट धरणारा माणूस गमबूट फाटलेला, ओल्या फरशीवर उभा असतो. अर्थची कोरही बाकीच्या कोरसारखीच क्लॅम्पपाशी तुटते, आणि ती तुटली तरी क्रेन मजेत चालत राहते. त्यामुळे कंटिन्यूइटी बघताना ती सर्वात आधी बघा.

हे सगळं ऑगस्टसाठी राखून ठेवू नका. २० जुलैच्या सुमारास पाणी भरलेल्या कॅनची ओळ उचलून क्रेन दोन्ही टोकांपर्यंत चालवा आणि प्रत्येक ट्रॉलीकडे खालून बघत जा. योग्य जाडीची चपटी केबल आपल्याकडच्या दुकानांत दर वेळी मिळेलच असं नाही. ती कोल्हापूर किंवा मुंबईहून मागवावी लागते, आणि त्या दिवसांत घाटात दरड आली की माल दोन दिवस वरच अडकतो.